नानांचं बोलावणं

आमच्या ऑनलाइन वर्गात एक विद्यार्थी मोबाइलपुढं दोन कप चहा मांडून बसतो. एक त्याचा आणि एक माझा.

पहिल्या रविवारी मला वाटलं, घरात आणखी कुणी असेल. पण तास संपत आला तरी दुसऱ्या कपाला कुणी हात लावेना. त्याच्यावर चांगली साय धरली. शेवटी मी न राहवून विचारलं, तर उत्तर आलं, "आवं म्याडम, तुमी घरात आलाय न्हवं? आल्या मानसाला च्या न्हाई इचारायचा व्हय?"

मी सांगलीत माझ्या घरी, ते विट्याजवळ त्यांच्या गावी. मी म्हटलं, "अहो, पण मी पिणार कशी?"

"ते तुमचं तुमी बगा. आमी ठेवला."

हे नाना. वय साठीच्या पुढं, शिक्षण चालू, बीए पहिलं वर्ष.

मी एका कॉलेजात इतिहास शिकवते आणि रविवारी सकाळी घरबसल्या पदवी करणाऱ्यांचा तास घेते. असा तास ज्यानं घेतलाय त्यालाच त्यातली गंमत ठाऊक. पडद्यावर नुसते काळे चौकोन, चौकोनात नावं, आणि नावांमागं माणसं आहेत की नाहीत ते देव जाणे. आपण घसा कोरडा करून शेतसारा समजावून सांगायचा, मग "समजलं का?" असं विचारायचं आणि वाट बघत बसायचं. एकदा एका चौकोनातून उत्तरादाखल कुकरची शिट्टी आली. कुपवाडच्या कारखान्यातला एक जण दुचाकीवरून तास ऐकायचा. हॉर्न वाजला की मी त्याची हजेरी लावायची. सकाळी कुणी नसलेल्या देवळात कीर्तन करावं, तसं चाललं होतं माझं.

त्या अंधारात नानांचा एकच चौकोन उजळलेला असायचा. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्याला टोपी, कपाळाला गंध. मागं संगमरवरी फरशीचा भला मोठा हॉल आणि प्लास्टिकची कव्हरं अजून न काढलेला सोफा. त्या सोफ्यावर मी कधी कुणाला बसलेलं पाहिलं नाही. चौकोनाखाली नानांचं नाव नव्हतं, दुकानाचं होतं. त्यामुळं हजेरीला मला दर रविवारी एका रिफायनरीला हाक मारावी लागायची, आणि रिफायनरी खुर्चीवरून उठून "हजर, म्याडम" म्हणायची.

नानांचा धंदा गलाईचा, म्हणजे जुनं सोनं वितळवून चोख करायचा. विट्याकडची माणसं या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. नाना मिसरूड फुटायच्या आत चुलत्याबरोबर मदुराईला गेले, तिथंच त्यांनी दुकान थाटलं, आणि बायको वारल्यावर दुकान मुलाच्या हवाली करून गावी परतले. एवढा जन्म तमिळ मुलखात काढल्यामुळं पटलं की ते "सरी, सरी" म्हणतात. तिकडं "बरं, बरं" या अर्थी म्हणतात तसं, आणि नेहमी दोनदा. पटलं नाही तर धंद्यातलं वाक्य येतं, "म्याडम, ह्येला कस लावलाय न्हवं? बिगर कसाचं आपन सोनं म्हनत न्हाई." अमुक राजानं तमुक किल्ला एका दिवसात घेतला, असं मी एकदा जरा ओघात सांगून गेले. त्यावर नाना म्हणाले, "कुनी सांगितलं? राजाच्याच मानसानं का? मग दुसऱ्या दगडावर घासून बगा." त्या रात्री मला पुस्तकं काढून बसावं लागलं. वैताग आला होता, खोटं कशाला बोलू.

आमच्या अभ्यासक्रमात काही तास आधीच चित्रमुद्रित केलेले आहेत. पुण्याच्या एका सरांनी ते घेतलेत. ते थांबवत, मागं-पुढं करत, जमेल तसे बघायचे असतात. पण नाना ते कधीच थांबवत नाहीत. सर बोलत असताना मध्येच त्यांचं तोंड बंद करणं त्यांना शोभत नाही. बाहेर जायचं असलं तर ते चित्रमुद्रित सरांची परवानगी घेऊन जातात. एकदा मला म्हणाले, "त्ये पुन्याचं सर हुशार हायती, पर जरा ताठ. मी शंका इचारली, त्यांनी सरळ फुडचा मुद्दा घेतला."

आणि एकदा तर माझंच नेट गेलं. मी तोंड उघडं टाकून पडद्यावर गोठले. बाकीचे हळूहळू पांगले. नाना मात्र माझ्या त्या उघड्या तोंडासमोर हाताची घडी घालून बसून राहिले. नंतर विचारलं तर म्हणाले, "मला वाटलं, तुमी इचारात हाय. मदी कसं बोलायचं?"

वर्गाला येणाऱ्यांची संख्या दिवाळीनंतर फारच घटली. मी आदल्या दिवशी ग्रुपवर लिंक टाकायची, सगळे अंगठा दाखवायचे, आणि रविवारी मी, नाना आणि कुकरची शिट्टी. मी चिडून नानांपाशी कुरकुर केली, तर त्यांनी मलाच झापलं.

"म्याडम, चूक तुमची हाय. लिंक म्हंजी आवतन झालं. पर बोलावनं कुटं हाय?"

आमच्याकडं ही रीतच आहे. कार्याच्या जेवणाचं आवतण आदल्या दिवशी घरोघर जातं, पण तेवढ्यावर कुणी उठून येत नाही. पानं मांडली की एक माणूस परत दारोदार फिरून "चला जेवायला" अशी हाक देतो. ते बोलावणं. ते नाही आलं तर घरची चूल पेटते, आणि पुढं वर्षभर कुरबुर चालते ती वेगळीच. हे मला ठाऊक होतं. पण बीएच्या वर्गाला ते लागू करावं, हे आमच्या विद्यापीठातल्या कुणाच्या डोक्यात आलं नसतं.

पुढच्या रविवारपासून नानांनी बोलावणं करायला घेतलं. सकाळी उठून ते एकेकाला फोन लावायचे, "वर्ग लागतूय, या." कुणी म्हणालं, वैरण काढायचीय, की नाना सांगत, "म्हस काय पळून जातीया व्हय? चल ये." शिराळ्याची एक अंगणवाडीताई मला म्हणाली, "मॅडम, लग्न झाल्यापासून मला कुणी एवढ्या मानानं कुठं बोलावलं नव्हतं वो." महिन्याभरात वर्ग भरला. कॅमेरेही एकेक करून सुरू झाले, कारण नाना फोनवर सांगत, "पानावर येऊन तोंड झाकून कोन बसतं का?"

एक चौकोन तेवढा काळाच राहिला. तो दीपाली पवारचा होता. ती वेळेवर यायची, शेवटपर्यंत असायची, गृहपाठ सुरेख लिहून पाठवायची, पण ना तोंड दाखवायची ना आवाज.

आणि इथंच पेच आला. वर्षाखेरीला प्रत्येकानं आपल्या भागाच्या इतिहासावर तोंडी सादरीकरण करायचं होतं, कॅमेरा सुरू ठेवून, सगळ्या वर्गासमोर. ते केलं नाही तर वर्ष वाया. नियम माझा नव्हता, पण राबवायचा मला होता. दोन रविवार मी दीपालीला पुकारलं. दोन्ही वेळा तिचा चौकोन काळाच राहिला. आता शेवटचा रविवार उरला होता.

त्या आठवड्यात नानांचे फोन सुरू झाले. "त्या पोरीचं काय करायचं?" "तिला नुसतं लिवून चालंल का?" "तिला येकलीला वेगळं घ्या की." मी आधी समजुतीनं सांगितलं, मग माझा आवाज चढला. म्हटलं, "नाना, तुमचं स्वतःचं सादरीकरण अजून व्हायचंय. लोकाच्या पोरीची उठाठेव तुम्हाला कशाला हवी?"

मग नाना म्हणाले, "लोकाची न्हवं, म्याडम. माजी सून हाय ती."

दाखल्यावर माहेरचं आडनाव होतं, म्हणून मला पत्ता लागला नव्हता. मग नाना बोलत गेले. बारावीला पोरगी तालुक्यात नाव काढून पास झालेली. पुढं शिकायचं म्हणत होती. "आमीच लगीन करून तिला मदुराईला न्हेली. आमीच तिची शाळा तोडली, दुसऱ्या कुनी न्हाई. तिकडं भाषा कळंना, दुकानामागची खोली आन् ती. मी तवा तिथंच हुतो. ती पेपराचा कागद येईल तो वाचत बसायची, गावाकडनं आलेल्या पुडीचा, आमचा मराठी. ते बगितलं आन् माज्या मनानं घेतलं. पोराला सांगून तिचं नाव घातलं. पर येकलीच वर्गात कशी बसंल? घाबरंल. म्हनून माजं बी घातलं. मला काय डिग्रीचं लोनचं घालायचंय?"

"आणि ते बोलावणं?"

नाना ओशाळं हसले. "आता सुनंला नुसता फोन कसा करायचा, म्याडम? सासऱ्यानं बोलायचं तरी काय? मंग समद्यास्नीच लावतो. समद्यांत तिला बी लागतो. मी म्हनतो, वर्ग लागला. ती म्हनती, व्हय मामा. घरात तेवडाच काय तो आवाज."

माझा सगळा चढलेला आवाज खाली बसला. त्या प्लास्टिकच्या कव्हरांच्या सोफ्यावर कुणी का दिसत नाही, ते मी इतके दिवस साधं विचारलंही नव्हतं.

मी दीपालीला फोन केला. फार नाजूक आवाज होता. मी म्हटलं, "अगं, एवढं छान लिहितेस. दहा मिनिटं बोलायचंय फक्त. अडचण काय आहे?"

आधी दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मॅडम, वर्गात मामा असतात."

"हो, मग? ते तर तुझ्यासाठीच—"

"समोर बसलेले दिसतात वो. मामांसमोर मी कधी खुर्चीवर बसले नाही, मोठ्यानं बोलले नाही. ते लई चांगले आहेत. पण त्यांच्या तोंडाकडं बघून मला एक शब्द फुटत नाही. तुम्ही त्यांना सांगू नका, वाईट वाटंल त्यांना."

मी फोन ठेवला आणि हसावं की रडावं तेच कळेना. म्हाताऱ्यानं सुनेला सोबत व्हावी म्हणून पासष्टीकडं झुकल्यावर दप्तर उचललं, आणि सगळ्या वर्गात तिची वाचा बसवणारा माणूस तोच निघाला.

सांगू नका म्हणाली होती. पण वर्ष तिचं जाणार होतं. दुसऱ्या दिवशी मी नानांना फोन लावला आणि बराच वेळ हवापाण्याचं बोलले. मग हळूच विचारलं, "नाना, मदुराईला असताना दीपाली तुमच्यासमोर बोलायची का हो?"

"छ्या!" नाना अभिमानानं म्हणाले. "लय गुनाची पोरगी. मला बगून कवा खुर्चीवर बसली न्हाई. 'व्हय मामा'च्या पलीकडं माज्याम्होरं कवा सबुद..."

वाक्य तिथंच राहिलं. फोनमधून लांबवर कुठल्यातरी ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"सरी," नाना म्हणाले. एकदाच. आणि त्यांनी फोन ठेवला.

शेवटच्या रविवारी सगळा वर्ग आला. नाना नेहमीसारखे बसलेले. कुपवाडच्या मुलानं गाडी बाजूला लावून कारखान्यांच्या वसाहतीवर सादरीकरण केलं. अंगणवाडीताईनं शिराळ्याच्या नागपंचमीवर केलं, लांबवलं जरा, पण रंगवून केलं. नानांनी उभं राहून आपल्या गावावर केलं. मग मी दीपालीचं नाव घेतलं. काळा चौकोन हलला नाही. मी परत नाव घेतलं.

नानांनी हात वर केला. "म्याडम, परवानगी असावी."

आणि त्यांचा चौकोन काळा झाला.

वर्षभर त्या माणसानं कॅमेरा कधी बंद केला नव्हता. तो कुठून बंद करतात हेच त्यांना ठाऊक नव्हतं, याची मला खात्री आहे. त्या आठवड्यात गावात कुणाकडून तरी शिकून घेतलं असणार. मला आधी वाटलं, ते उठून गेले. पण खाली दुकानाचं नाव तसंच होतं. नाना आत होते, नुसते दिसत नव्हते.

थोड्या वेळानं दीपालीचा चौकोन उजळला. गोल चेहऱ्याची, बारीक अंगाची मुलगी. मागं स्टीलची मांडणी, भिंतीपलीकडं दुकानातली ठोकठोक. ती खुर्चीवर बसली होती. पहिली दोन वाक्यं तिनं कागदात बघून वाचली, तिसऱ्याला कागद खाली ठेवला. विषय तिनं आमच्या भागातून गलाईसाठी बाहेर गेलेल्या माणसांचा घेतला होता. पण ती बोलली त्या माणसांमागून गेलेल्या बायांवर. दुकानामागच्या खोलीत नव्या मुलखाचा बाजार कसा शिकल्या, शेजारणीकडून बोटांनी आकडे कशा शिकल्या, आणि यातल्या एकीचंही नाव कुठं लिहिलेलं नाही, म्हणून तिनं स्वतः फोन करून त्यांना विचारलं. तिला प्रत्येकीचं नाव पाठ होतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला इतकं चांगलं सादरीकरण क्वचित ऐकायला मिळालंय, आणि हे मी कस लावूनच सांगतेय.

बोलून झाल्यावर तिनं पदर सारखा केला. मी विचारलं, "कुणाला काही प्रश्न?" एरवी प्रत्येकाला प्रश्न विचारून हैराण करणारे नाना गप्प होते. मग दीपालीच किंचित पुढं वाकली.

"मामा," ती म्हणाली, "तिकडं आवाज येत होता का?"

काळ्या चौकोनात कुणीतरी घसा खाकरला.

"आला, पोरी. समदा आला. आजून बोल."