तेलघाणा गल्लीचा टँकर कुणी पळवला?

"वरच्या गल्लीला टँकर, खालच्या गल्लीला टँकर. आमच्याच गल्लीचं नाव खोडलंय काय की सरकारनं!"

शरणम्मा पुटपुटली. हापशाच्या रांगेत ती नीलाबाईच्या मागं इतकी खेटून उभी होती की तिचा प्रत्येक सुस्कारा नीलाबाईच्या मानेवर पडत होता. "पोरगी बाळंतपणाला आलेली, घरात तांब्याभर पाणी न्हाई. आन् बोलावं तरी कुणाला? ज्याला बोलायचं, त्याचीच..." इथं शरणम्मानं उरलेलं वाक्य कडू गोळीसारखं गिळलं आणि एकदम गोड आवाजात म्हणाली, "नीलाक्का, घागर भरली बग तुझी."

घागर अर्धीसुद्धा भरली नव्हती. नीलाबाईला ते दिसत होतं. पण तिनंही ती तशीच उचलली. गेले काही महिने तेलघाणा गल्लीत वाक्यं अशीच मधे तुटायची.

घरी आली तर नवरा आरशासमोर उभा. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे ओढता ओढता तो रोजच्यासारखी स्वतःची ओळख स्वतःलाच करून देत होता.

"रेवणप्पा हालकुडे! अख्ख्या मराठवाड्यात नजर तिघांचीच. एक घारीची, दुसरी सराफाची, तिसरी माझी. त्यातली घार उडून जाते आन् सराफ सोन्यापुरतंच बघतो. म्हंजे उरलं कोण?"

"तुमीच," नीलाबाई घागर उतरवत म्हणाली. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली की उत्तरं पाठ होतात.

लातूर जिल्हा झाला तेव्हा बाजारातल्या सगळ्याच पाट्या रातोरात मोठ्या झाल्या होत्या. न्हाव्यानं 'जिल्हा केशकर्तनालय' केलं, बँडवाल्यानं 'जिल्हा बँड पथक'. रेवणप्पाच्या दारावर 'खाजगी गुप्तहेर' असं होतं, तिथं 'जिल्हा गुप्तहेर व वाहतूक सल्लागार' असं झालं. जिल्हा झाला तशा कचेऱ्या आल्या, साहेब आले, साहेबांच्या गाड्या आल्या, गाड्यांसाठी नियमांचे फलक आले. पाणी तेवढं यायचं राहिलं.

गुप्तहेर म्हणून रेवणप्पाच्या नावावर एक मोठा तपास जमा होता. महादेवप्पा किराणावाल्याच्या पोरीच्या लग्नात हरवलेला चपलांचा जोड त्यानं शोधून काढला होता. तो रेवणप्पाच्याच पायात निघाला ही गोष्ट वेगळी. चोर सापडला, माल मिळाला. याहून जास्त पोलीस तरी काय करतात?

वाहतूक सल्लागार म्हणून मात्र त्याचं नाव खरंच झालेलं. लोकांना ठाऊक नसलेले रस्त्याचे नियम त्याला तोंडपाठ होते. गोलाईत उभा राहून तो सायकलवाल्यांना अडवायचा, "डबलसीट! उतर मागचा. आन् दिवा कुठाय? अंधार पडल्यावर सायकलीलाबी दिवा लागतो." जीपवाल्याला म्हणायचा, "हेडलाइट अर्धा काळा कामून न्हाई केला? समोरच्याचे डोळे तुझ्या बापानं विकत घेतलेत काय?" दवाखान्यापुढं कुणी हॉर्न वाजवला तर हा त्याच्या मागं पळत ओरडायचा, "इथं आवाज करायचा न्हाई!" तेव्हा दवाखान्यातले पेशंट उठून खिडकीत यायचे ते हॉर्नमुळं नव्हे, रेवणप्पामुळं.

नीलाबाईचीही सुटका नव्हती. फूटपाथ नसला तर चालणाऱ्यानं उजव्या अंगानं, समोरून येणाऱ्या गाड्यांकडं तोंड करून चालावं, असा नियम आहे म्हणे. त्यामुळं डोक्यावर भरली घागर घेऊन अख्ख्या लातुरात उजवीकडून चालणारी बाई ती एकटीच. डावीकडून येणाऱ्या सगळ्या बायका तिला धडकायच्या आणि वर तिलाच शिव्या द्यायच्या.

"टँकरचा मामला मी हातात घेतलाय," रेवणप्पानं जाहीर केलं. "पाडव्याला टँकर सुरू झाले, तवापासून एकदाबी आपल्या गल्लीत वळला न्हाई. ह्याच्यामागं हात हाय."

"कुणाचा?"

"तेच शोधून राहिलो. तू टोपी आण."

टोपी म्हणजे वेषांतर. रोज तो पांढरी घालायचा. तपासाच्या दिवशी काळी. गल्लीतली माणसं काळी टोपी दिसली की म्हणत, "रेवणप्पा, आज गुप्तपणे कुठं?"

पहिला संशय हॉर्नवर गेला. गल्लीच्या तोंडाशी डोळ्यांचा दवाखाना होता, त्यावर शांततेचा फलक होता. रेवणप्पाचं अनुमान असं की टँकरचा ड्रायव्हर निवृत्ती वळताना हॉर्न वाजवल्याशिवाय वळू शकत नाही, इथं वाजवायला बंदी, म्हणून बिचारा कायदा पाळून पुढं जातो. त्यानं दोन दिवस कोपऱ्यावर उभं राहून टँकरला हातानं खुणा केल्या. निवृत्तीनंही हात हलवला आणि पुढं गेला.

दुसरा संशय लाचेचा. वरच्या गल्लीच्या कोपऱ्यावर निवृत्ती रोज उसाचा रस पितो आणि पैसे देत नाही, हे रेवणप्पानं रसवंतीच्या पडद्याआडून पाहिलं. "दुष्काळात फुकटचा रस! लाच चोखून राहिलाय." नीलाबाईनं रसवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "माझा साडू हाय. पैसे घेतले तर बायको घरात घेईना."

"साडूलाच मधे घालून लाच! लई खोल मामला हाय हा," रेवणप्पा म्हणाला.

नीलाबाई म्हणाली, "आवं, त्या निवृत्तीलाच विचारलं तर?"

रेवणप्पानं तिच्याकडं कीव करून पाहिलं. "ज्याच्यावर शक हाय त्याला सरळ विचारायचं नसतं, नीला. तो सावध होतो. हे तुला कळणार न्हाई. आता पाळत ठेवायची. जीपमधून."

जीप म्हणजे रेवणप्पाचं खरं वैभव. निलंग्याला लिलावात घेतलेली. त्यानं ती लातूर-निलंगा रस्त्यावर सीट भरून बरीच वर्षं चालवली. पण गल्लीत तिची इज्जत वेगळ्याच कारणानं होती. कुणाच्या घरी बाई अडली, म्हातारं घाबरं झालं की रेवणप्पा उठून जीप काढायचा. पैसे विचारायचा नाही. तीन पोरं तर दवाखान्यापर्यंत पोचायच्या आधी मागच्या सीटवरच जन्मली. तेव्हापासून गल्लीतल्या बायका येता-जाता बॉनेटला विभूती लावायच्या आणि पाया पडायच्या. दसऱ्याला तर तिला एवढे हार पडायचे की पुढचा रस्ता दिसायचा नाही.

गेल्या दसऱ्यालाही पडले. फक्त नंतर जीप सुरू झाली नाही. तेव्हापासून ती गल्लीच्या तोंडाशी, अगदी वळणावर, रस्त्याकडं तोंड करून उभी होती. "गुप्तहेराची गाडी कायम निघायच्या तयारीत पाहिजे," असं रेवणप्पा म्हणायचा. कुणी काही विचारायच्या आतच त्याचं ठरलेलं उत्तर यायचं, "नांदेडहून एक पार्ट यायचाय. आला की लगीच." आधी तो पार्ट संक्रांतीला यायचा होता, मग शिवरात्रीला. नीलाबाईही विचारणाऱ्याला म्हणायची, "हाव, नांदेडहून यायचाय." त्या पार्टचं नाव काय, हे नवऱ्यानं तिला सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं. रोज सकाळी तो स्टिअरिंग फडक्यानं पुसत बसायचा तेव्हा ती मुद्दाम आतल्या खोलीत जायची.

तर भर दुपारी दोघं जीपमध्ये दबा धरून बसले. पडदे खाली सोडलेले. आत भट्टी. मागं नीलाबाई, पुढं काळी टोपी. जाणारा-येणारा प्रत्येकजण बॉनेटला विभूती लावून आत डोकावायचा आणि म्हणायचा, "काय रेवणप्पा, पाळतीवर का? बसा, बसा."

टँकर आला. नीलाबाईला काचेतून त्याचं हिरवं तोंड सरळ समोर दिसलं. तो गल्लीकडं वळू लागला, वळला, अजून थोडा वळला आणि जीपच्या बंपरपाशी वीतभरावर येऊन थांबला. टाकीतलं पाणी डुचमळलं, थोडं रस्त्यावर सांडलं. वर बसलेल्या निवृत्तीनं जीपकडं पाहिलं, गल्लीकडं पाहिलं. मग स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून जीपला भक्तिभावानं जोडले, गाडी मागं घेतली आणि निघून गेला.

हापशावर शरणम्मानं कुठलं वाक्य गिळलं होतं, ते आता नीलाबाईला पूर्ण ऐकू आलं.

"पाहिलंस?" रेवणप्पा उडी मारून म्हणाला. टोपी जीपच्या छताला लागून चेमटली. "हात जोडले! टोळीची खूण हाय ती! आत कुणी साथीदार बसलाय, त्याला इशारा केला!"

"आत आपणच बसलोय."

"म्हंजे साथीदार आधीच पळाला," रेवणप्पा म्हणाला. "हुशार टोळी हाय."

संध्याकाळी त्यानं सगळ्यांना महादेवप्पाच्या दुकानाच्या पायरीवर जमवलं. गुन्हेगाराचं नाव चारचौघांतच फोडायचं असतं, असा त्याचा नियम. निवृत्तीला वरच्या गल्लीतून बोलावून आणलं. शरणम्मा आली, तिच्या मागून हळूहळू, कमरेवर हात ठेवून तिची लेक जगदेवी आली. नववा सरत आलेला. नीलाबाईनं तिला तांदळाच्या पोत्यावर बसवलं.

"निवृत्ती," रेवणप्पानं बोट रोखलं. "आज दुपारी तू हात कुणाला जोडलेस? खरं सांग. तुझी जबानी चालू हाय."

"जीपीला जोडले, मामा."

"कामून?"

"माझा थोरला तिच्यातच झाला न्हवं? तुमीच नेलतं. पाया न पडता कसं जाऊ?"

"ते ठीक हाय. पण पाया पडून पुढं कामून गेलास? आत कामून न्हाई आलास?"

निवृत्ती खाली बघू लागला. पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघा ओढू लागला. मग महादेवप्पाकडं पाहिलं. महादेवप्पानं लगबगीनं तराजू पुसायला घेतला. शरणम्माला पदराला गाठ मारायचं आठवलं.

"बगा, गप झाला!" रेवणप्पा विजयी सुरात म्हणाला. "मी सांगतो. तू लबाड हाईस आन् वर कायदाबी मोडतोस. रस्त्याच्या वळणावर गाडी उभी करायची नसते. मागनं-पुढनं येणाऱ्याला अडचण होईल अशी तर मुळीच न्हाई. लातुरातल्या शंभरातल्या नव्वद ड्रायव्हरांना हा नियम ठाऊकबी न्हाई. रोज मोडून राहिलेत, आन् त्यांना वाटतं आपण सभ्य माणसं! आज तू किती वेळ थांबलास त्या वळणावर?"

"घडीभर, मामा."

"घडीभर का असंना! वळणावर उभी गाडी म्हंजे काय? सगळ्या गल्लीची अडवणूक! असल्या माणसाला लाज वाटली पायजे. बोला की, महादेवप्पा! वाटली पायजे का न्हाई?"

सगळ्यांच्या माना एकाच वेळी एकाच बाजूला वळल्या आणि झटकन परत आल्या. तिकडं जीप उभी होती, कपाळभर विभूती लावून.

"वाटली पायजे," महादेवप्पा शेवटी तराजूकडं बघत म्हणाला. "पण माणूस भला असला, तर लोक बोलत न्हाईत, रेवणप्पा."

"भला कसला! तुमी लोक बोलत न्हाई, म्हणून असले सोकावतात!"

नीलाबाईला हसूही आलं आणि रडूही. समोर तिचा नवरा आपल्याच विरुद्धचा खटला एवढ्या जोरात चालवत होता की दुसऱ्या वकिलाची गरजच नव्हती. आणि न्याय द्यायला अख्खी गल्ली बसलेली असून एकाच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता. ज्यानं हाक मारल्याबरोबर दार उघडलं, त्याला तुझी गाडी बाजूला घे म्हणायचं कुणी? त्यापेक्षा लांबच्या हापशावरून घागर वाहिलेली बरी. गल्लीनं तेच केलं होतं.

जगदेवी पोत्यावरनं जरा पुढं सरकली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती सासरहून परवा-तेरवाच आलेली. "काका," ती म्हणाली, "टँकरचं होईल तवा होईल. मला एवढंच सांगा, कळा आल्या तर तुमची जीप हाय न्हवं? आमचे मालक म्हणत होते, रिक्षा सांगून ठिवावी का. मी म्हणलं, कशाला? रेवणकाकाची जीप हाय की."

शरणम्माच्या हातातली गाठ तशीच राहिली. निवृत्तीनं अंगठा थांबवला.

"हाय म्हंजे!" रेवणप्पा म्हणाला. आवाज मोठाच होता, पण नीलाबाईनं त्याचा हात पाहिला. तो खिशातली जीपची किल्ली चाचपत होता. "मी असताना तुला कशाची फिकीर, पोरी? हाक मारायचा उशीर. तेवढा नांदेडहून..."

तो थांबला. आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच त्यानं बायकोकडं पाहिलं. रोज ती पुढचं वाक्य पुरं करायची, तसं आता करावं म्हणून. तिला ती नजर कळली. 'हाव, पार्ट यायचाय' एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. तिनं जगदेवीच्या पोटाकडं पाहिलं आणि ती उठून नवऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली, अगदी खांद्याला खांदा लागेल अशी.

"जगदेवी, रिक्षा आजच सांगून ठेव," नीलाबाई म्हणाली. "आवं, ऐका. नांदेडहून काईबी यायचं न्हाई. आपली जीप आता चालत न्हाई, आन् टँकर वळत न्हाई तो तिच्यामुळंच."