इंग्रजी चालेल

गेल्या फेब्रुवारीत मी एका माणसाच्या पत्राखाली त्याला न विचारता एक ओळ लिहिली. ओळ सभ्य होती, मदतीच्या भावनेने लिहिलेली होती, आणि लिहून झाल्यावर मला स्वतःबद्दल बरंही वाटलं होतं. हे शेवटचं सांगायला सगळ्यात जास्त लाज वाटते, म्हणून ते आधीच सांगून टाकतो.

ज्यांचं पत्र होतं त्यांचं नाव कोलम. बॉबलिंगेनमध्ये आम्ही राहतो त्या इमारतीत आमच्या बरोबर खाली राहतात. वय सत्तरच्या पुढे, लग्न केलेलं नाही, उंची इतकी की जिन्यात आमचा दिवा पुसायला शिडी लागत नाही. ते पहिल्यांदा भेटून गेले तेव्हा माझी बायको स्वाती म्हणाली, "तांदळाच्या नावाचा माणूस आयुष्यात पहिल्यांदा पाहिला."

कोलम आयर्लंडचे. तिथल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या काही गावांमध्ये घरात अजून आयरिश बोलतात, त्यातल्या एका गावचे. आयरिश म्हणजे आयर्लंडमधली इंग्रजी असा माझा समज होता, म्हणून पहिल्याच भेटीत मी मोकळेपणाने म्हणालो, "वा, म्हणजे आपण इंग्रजीत बोलू शकतो."

त्यांनी जर्मनमध्ये उत्तर दिलं. "येते मला. पण मला चालत नाही."

तेव्हापासून अकरा वर्षं आम्ही जर्मनमध्येच बोलतो. माझी जर्मन ब्रेकच्या चाचण्यांपुरती, कारण झिंडेलफिंगेनच्या एका कंपनीत मी तेच काम करतो. त्यांची जर्मन कारखान्यात चाळीस वर्षं मुरलेली, इथल्या स्वाबियन हेलाची. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'गेनाऊ', म्हणजे 'बरोबर'. समोरचा काही बोलला नसला तरी गेनाऊ.

त्यांच्या जॅकेटला एक बारीक सोनेरी कडं टाचलेलं असायचं. ज्याला आयरिश येते आणि ती बोलायची तयारी आहे त्याने ते लावायचं, अशी त्यांच्याकडची पद्धत. आयर्लंडमध्ये त्याचा उपयोग होत असेल. बॉबलिंगेनमध्ये चाळीस वर्षांत ते कडं पाहून त्यांच्याशी एकच माणूस बोलला, आणि तोही कान टोचण्याच्या दुकानाचा पत्ता विचारायला. तरी कोलम कचरा टाकायला निघाले तरी कडं लावून निघायचे.

"कचऱ्याच्या डब्यापाशी कोण भेटणार आहे?" मी एकदा विचारलं.

"तू भेटलास ना," ते म्हणाले. "गेनाऊ."

रोज सकाळी बेकरीत ते आधी आयरिशमध्ये दोन पाव मागायचे. काउंटरवरची बाई 'मॉर्गन', म्हणजे सुप्रभात, म्हणून दोन पाव पिशवीत टाकायची. तिला भाषा कळायची नाही, पाव कळायचे. नगरपालिकेच्या ऑफिसात मात्र सोपं नव्हतं. तिथे ते कुठल्याही कामाला गेले की आधी विचारायचे, हा अर्ज आयरिशमध्ये मिळेल का? पुढे पुढे खिडकीतला कारकून ते दारातून आत येताना दिसले की मान हलवायला सुरुवात करायचा. कोलम तरी खिडकीपर्यंत जायचे, रीतसर विचारायचे, नकार रीतसर ऐकायचे. "मागायचं," ते मला समजावायचे. "नाही म्हणाले तर पुढच्या वेळी परत मागायचं. कुणी मागतच नाही असं त्यांना म्हणता येता कामा नये."

आमच्या भागात जिना झाडायच्या पाळ्या असतात. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक लाकडी पाटी लटकते, तिच्यावर लिहिलेलं असतं 'केरवोखे', झाडण्याचा आठवडा. कोलमनी त्याखाली तेच आयरिशमध्ये रंगवलं. तळमजल्यावरच्या फ्राउ केलर, म्हणजे केलरबाई, यांनी ते घासून काढलं. कोलमनी पुन्हा रंगवलं. हे चारदा झालं, मग फ्राउ केलर थकल्या. पुढच्या रविवारी पाटी आमच्या दारावर आली, तेव्हा आयरिशच्या खाली पेन्सिलीने एक रेघ आखलेली होती.

"ही तुझ्या भाषेची जागा," कोलम म्हणाले.

मी हसून 'या, या' म्हटलं. जर्मनमध्ये याचा अर्थ 'हो, हो'. ती रेघ तीन वर्षं रिकामी राहिली. फ्राउ केलर यांना काय वाटेल, ही माझी काळजी होती. मला कुणाला काय वाटेल याची काळजी असतेच. मीटिंगमध्ये एक जरी माणूस जर्मनला अडखळला तरी मी पुढे होऊन म्हणतो, इंग्रजी चालेल. माझी मुलगी ईरा मराठी प्रश्नाला जर्मन उत्तर देते, तेही चालतं. जिन्यात तिच्याशी बोलताना तर मी स्वतःच जर्मनवर येतो. एकदा कोलमनी ते ऐकलं आणि विचारलं, "तुझी भाषा किती लोक बोलतात?"

"कोट्यवधी," मी म्हणालो.

"मग तू का कुजबुजतोस?"

आणखी एक प्रसंग सांगायला हवा. आमचं वॉशिंग मशीन गळून त्यांचं छत भिजलं होतं. मी धावत खाली गेलो आणि सात-आठ वेळा सॉरी म्हणालो. कोलम दारात उभे राहून ऐकत होते. मग म्हणाले, "सॉरी तर माणूस बसमध्ये कोपर लागलं तरी म्हणतो. तुझ्या भाषेत सांग."

"तुम्हाला कळणार नाही."

"मला नाही कळलं तरी तुला कळेल."

मी काहीतरी पुटपुटलो आणि प्लंबरला फोन करायच्या निमित्ताने वर पळालो.

पण त्यांचा खरा छंद पत्रांचा. युरोपीय संघातल्या देशांच्या नागरिकांना संघाच्या ब्रसेल्समधल्या कार्यालयांना आपल्या अधिकृत भाषेत पत्र लिहिता येतं, आणि उत्तरही त्याच भाषेत मिळतं. आयरिश त्या भाषांपैकी एक. कोलम हा अधिकार औषधासारखा नियमित घ्यायचे. महिन्याला एक पत्र, शाईच्या पेनाने, तिथल्या एका खात्याला. विषय ऐकून मी हसू दाबायचो. वादळानंतर किनाऱ्यावर वाहून आलेलं शेवाळ उचलायला परवानगी लागते का? लाकडी होडीला डांबर लावायचे काही नियम आहेत का? जाळ्याचं भोक किती मोठं असावं? आमच्यापासून समुद्र इतका लांब की गावातल्या बऱ्याच मुलांनी तो सुट्टीतच पाहिलेला, आणि शेवाळ म्हणाल तर तळघराच्या पायऱ्यांवर. दर पत्राला काही आठवड्यांनी आयरिशमध्ये सविस्तर उत्तर यायचं. त्या दिवशी कोलम जिन्यात शीळ घालायचे.

"सरकारी पैशाने करमणूक चाललीय," मी स्वातीला म्हणायचो. "अहो, तुम्हाला काय त्रास आहे त्याचा?" ती म्हणायची.

फेब्रुवारीत ते बर्फावर घसरले. खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि पुन्हा चालायला शिकण्यासाठी तीन आठवडे रेहा क्लिनिकमध्ये राहावं लागलं. मी भेटायला गेलो तर हॉस्पिटलच्या झग्याला ते सोनेरी कडं टाचलेलं. नर्सने दोनदा काढलं होतं म्हणे. त्यांनी मला एक पत्र दिलं. "इथून टपालाला उशीर होईल. तुझ्या कॉम्प्युटरवरून पाठव."

ऑफिसात मी ते स्कॅन केलं, ईमेलला जोडलं, आणि विचार केला की बिचारा म्हातारा माणूस, दुखण्यात आहे, त्याला उत्तरासाठी कशाला ताटकळत ठेवा. म्हणून खाली इंग्रजीत लिहिलं: पत्रलेखक आजारी आहेत, भाषांतराला वेळ लागत असेल तर उत्तर इंग्रजीत चालेल, त्यांना ती उत्तम येते.

चार दिवसांत उत्तर आलं. अर्ध्या पानाचं, स्वच्छ, इंग्रजीत. मी छापून घेतलं आणि शनिवारी आनंदाने क्लिनिकमध्ये गेलो. "बघा, चार दिवसांत!"

कोलमनी कागद वाचला. पुन्हा वाचला. घडी घातली, मग आणखी एक घडी. "गेनाऊ," ते म्हणाले. त्यानंतर ते फक्त जेवणाबद्दल बोलले.

मला तेव्हाच सांगता आलं असतं. पलीकडच्या खाटेवर एक गृहस्थ होते, त्यांच्यासमोर नको, असं मी मनाला सांगितलं. मग ते घरी आले तेव्हा ते थकलेत, आज नको. मग आता इतके दिवस झाले, आता कसं सांगायचं. मार्च असा गेला. खालून काठीचा आवाज आला की माझा घास तोंडात फिरायचा.

बेकरीतल्या बाईने मला थांबवून विचारलं, "तुमचे शेजारी बरे नाहीत का? हल्ली जर्मनमध्ये पाव मागतात." मी म्हणालो, ऑपरेशन झालंय. ती म्हणाली, "भाषेचं?"

जॅकेटवर कडं नव्हतं. तिथे दोन बारीक भोकं राहिली होती. आणि एका रविवारी पाटी आमच्या दारावर आली, ती घासून स्वच्छ केलेली. फक्त जर्मन. मी फ्राउ केलर यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्या घाईने म्हणाल्या, "मी नाही. त्यांनीच पुसलं. मी तर म्हटलं, राहू द्या." माझ्यासाठी आखलेली रेघही गेली होती.

मी एक युक्ती काढली. त्या खात्याला गुपचूप लिहायचं की पुढचं उत्तर आयरिशमध्येच पाठवा. कोलमना आनंद होईल, आणि मधली गोष्ट कुणाला कळणारच नाही. मजकूर लिहून स्वातीला दाखवला.

तिने वाचला. "म्हणजे त्यांच्या पाठीमागे एकदा लिहिलंत, आता दुसऱ्यांदा लिहिणार."

"मग काय करू?"

"अहो, जिना आहे ना आपल्याला? चौदा पायऱ्या आहेत. मीच झाडते, मला माहीत आहे."

तरी मी आणखी आठवडा काढला. पुढचं जे झालं ते माझ्या धैर्याने झालं नाही.

शनिवारी सकाळी जिन्यात उतरताना कोलम दिसले. एका हाताने कठडा धरलेला, काठी त्याच हाताला अडकवलेली, दुसऱ्या काखेत एक जाड निळी फाइल. मी धावत जाऊन ती घेतली. "कुठे न्यायची?"

"रद्दीच्या डब्यात."

ती ब्रसेल्सची फाइल होती. मी ती धरून त्यांच्या मागे एकेक पायरी उतरत होतो आणि ते पुढे पाहून बोलत होते, मी न विचारता. गावी त्यांची बहीण होती, नोरा. दर रविवारी दुपारी तासभर तिचा फोन. नऊ वर्षांपूर्वी ती गेली. त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी त्यांना जाणवलं की तीन आठवड्यांत आपण आयरिशमध्ये बेकरीतल्या पावांपलीकडे काही बोललेलो नाही. त्या दिवशी त्यांनी पहिलं पत्र लिहिलं.

"शेवाळाबद्दल का?" मी विचारलं.

"कारण शेवाळाबद्दल विचारलं की उत्तरात शेवाळ लिहावं लागतं." ते एका पायरीवर थांबले. "डांबर विचारलं की डांबर. आमच्या घरात हेच शब्द होते. नोरा गेल्यावर ते मला कोण लिहिणार? आणि वादळानंतर येणाऱ्या शेवाळाला आमच्याच किनाऱ्यावर एक शब्द आहे, शेजारच्या खाडीतसुद्धा नाही. दुसऱ्याच उत्तरात तो शब्द होता. म्हणजे तिथे कुणीतरी आमच्याकडची आहे. बाई असावी असं मला वाटतं. नऊ वर्षं तीच लिहीत होती." मग पुन्हा उतरायला लागले. "आता नसेल. निवृत्त झाली असेल, नाहीतर नोरासारखी. नाहीतर मला इंग्रजीत उत्तर आलं नसतं."

आम्ही अंगणात पोचलो. फ्राउ केलर डब्यांच्या भोवतीची पानं झाडत होत्या. कोलमनी निळ्या डब्याचं झाकण उचललं आणि फाइलसाठी हात पुढे केला. मी ती दिली नाही.

मग मी सांगितलं. ऑफिस, स्कॅन, माझी ओळ, शब्दन् शब्द. माझी जर्मन इतकी तुटत होती की फ्राउ केलर यांनी झाडू थांबवला.

कोलमच्या हातात झाकण तसंच होतं. मला ते रागावतील असं वाटत होतं, मी रागाची तयारी केली होती.

"म्हणजे ती आहे?" त्यांनी विचारलं.

"असेल. मला नक्की माहीत नाही. पण ती गेली म्हणून इंग्रजी आलं नाही. माझ्यामुळे आलं." आणि मग सवयीने तोंडातून निघालं, "सॉरी."

त्यांनी झाकण खाली सोडलं. काठीवर दोन्ही हात ठेवून, वॉशिंग मशीनच्या दिवशी उभे होते तसेच उभे राहिले आणि माझ्याकडे पाहत वाट बघू लागले. त्यांनी मला माफ केलं का, हे मला आजही खात्रीने सांगता येणार नाही. पण ते वाट बघत होते. फ्राउ केलर ऐकत होत्या. वर आमच्या खिडकीत ईरा उभी होती. मी फाइल छातीशी धरली आणि त्या अंगणात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मराठीत म्हणालो:

"कोलम, माझं चुकलं. मी तुम्हाला विचारलं नाही, आणि नंतर घाबरून दोन महिने सांगितलं नाही. तिने तुम्हाला लिहायचं थांबवलं नव्हतं, मी थांबवलं. तुमच्या वतीने 'इंग्रजी चालेल' म्हणणारा मी कोणी नव्हतो. मला माफ करा."