दाखल्याचा भात

विसरवाडीजवळ महामार्गालगतच्या फूड कोर्टात तैवानी जेवण मिळते, ही बाब बरेच दिवस कोणाला खटकली नव्हती. सात नंबरचा गाळा आमच्या पुरुषोत्तमनगरच्या हेमांगीचा. ती तैवानमध्ये चार वर्षे रसायनशास्त्र शिकली, शहाद्याच्या कॉलेजातली नोकरी नाकारून इथे आली आणि तिकडे रोज खाल्लेले तीनच पदार्थ विकू लागली. सोया सॉसमध्ये मंद आचेवर शिजवलेला कोंबडीचा खिमा भातावर घालून, कांद्याच्या पातीची पापुद्रेदार पोळी, आणि साबुदाण्यासारखे टपोरे काळे गोळे घातलेला गार चहा. शेजारच्या पनीर थाळीच्या निम्म्या पैशांत पोट भरायचे. ट्रकवाले खात, एसटीचे कंडक्टर खात. घरचे मात्र प्रत्येक जेवणाला त्या नोकरीची आठवण काढत.

मग धानोऱ्याच्या भाग्येशने तक्रार केली. हा खाण्याचे व्हिडिओ करतो. 'सदर भात तैवानसारखा लागत नाही,' असे त्याने लेखी कळवले. भाग्येश तैवानला गेलेला नाही. परंतु तक्रारीला क्रमांक पडला होता, आणि क्रमांक पडलेली गोष्ट निकाली काढावी लागते. फूड कोर्टाचे व्यवस्थापक धीरज यांनी परिपत्रक काढले: परदेशी पदार्थ विकणाऱ्या गाळेधारकांनी पंधरा दिवसांत 'मूळ चवीचा दाखला' सादर करावा, अन्यथा गाळा रिकामा करावा. पिझ्झा आणि मंचुरियन हे पदार्थ स्थानिक वर्गात मोडत असल्याने परिपत्रक एकट्या हेमांगीला लागू झाले.

आपण चार वर्षे तिथेच राहत होतो, असे तिने सांगून पाहिले. स्वतःच्या चवीचा दाखला स्वतःला देता येत नाही, असे धीरज यांनी तिला समजावले आणि समिती नेमली. अध्यक्ष मी, रतिलाल, निवृत्त अव्वल कारकून. सदस्य रूपचंद, साखर कारखान्याचे निवृत्त केमिस्ट. आम्ही दोघेही सुरतेच्या पलीकडे गेलेलो नाही, त्यामुळे आमच्या निःपक्षपातीपणाबद्दल शंका नव्हती.

पहिल्या बैठकीत हेमांगीने दोन वाट्या पुढे ठेवल्या. मी पहिला घास घेतला आणि पुढचा कधी घेतला ते कळले नाही. खिमा जिभेवर विरघळत होता, गोडसर, खारट, आणि मागून कसला तरी उबदार वास येत होता. रूपचंदांनी वाटी बोटाने पुसून घेतली.

"रतिलालभाऊ, हाई तं भारी शे," ते म्हणाले.

अहवाल अहिराणीत नव्हे, मराठीत जातो, याची मी त्यांना जाणीव करून दिली. शिवाय प्रश्न भारी आहे की नाही हा नव्हताच. तैवानी आहे की नाही, हा होता. आम्ही आमच्या माहितीतल्या परदेशी चवीशी, म्हणजे नंदुरबारच्या चायनीजच्या गाडीशी, तुलना केली. रंग लाल नव्हता. डोळ्यांत पाणी आले नाही. 'चव उत्तम, तथापि परदेशी असल्याची खात्री पटत नाही,' अशी नोंद झाली.

हेमांगीने ती वाचली आणि मला बाजूला घेतले. "मन्हा भातमा काय चुकनं, काका?"

काही चुकले नव्हते. तेच सांगायला हवे होते. मी तिला साक्षीदार आणायला सांगितले.

तिने खरोखर आणला. नवापूरकडच्या एका गिरणीत यंत्रे बसवायला आलेले लिन नावाचे तैवानी इंजिनिअर. त्यांनी एक घास खाल्ला, चमचा खाली ठेवला, मोबाइलवर आईला फोन लावला आणि तिला वाटी दाखवली. पलीकडची म्हातारी बराच वेळ बोलत राहिली. लिन मान हलवत, नाक पुसत खात होते. रूपचंदांनी खिडकीकडे तोंड फिरवले.

मला मात्र नियम सांभाळायचे होते. साक्षीदार स्वतः तैवानी असल्याने त्यांचा प्रकरणात हितसंबंध होता. साक्ष फेटाळण्यात आली. रूपचंद विरोधात गेले. समितीत दोनच मते असल्याने अध्यक्षांचे मत दोनदा मोजले गेले.

आम्ही निर्दयी नव्हतो. सुधारणा सुचवल्या: लाल रंग, लसणाची फोडणी, काळा मसाला, वरून किसलेले चीज. हेमांगीने तीन दिवस काहीच केले नाही. चौथ्या दिवशी कॉलेजातून पुन्हा विचारणा झाली, घरच्यांनी नोकरीवर नेसायची साडी काढून ठेवली, आणि ती गाळ्यावर येऊन लसूण सोलू लागली. दुपारी आम्ही चाखले. डोळ्यांत पाणी आले. दाखला त्याच दिवशी दिला. भाग्येशने नवा व्हिडिओ केला, 'आता लागतो खरा तैवान,' आणि रविवारी गाड्या महामार्गापर्यंत उभ्या राहिल्या.

पण हेमांगी जुना भातही एका लहान पातेल्यात करते. ती प्रत्येकाला विचारते, "दाखल्याचं देऊ की साधं?" रांगेत उभे असताना लोक छान बोलतात. हल्ली सगळीकडे एकच चव, खरं काही मिळतच नाही, याची त्यांना मनापासून खंत असते. ती खंत ऐकूनच हेमांगी विचारते. मग ते भिंतीवरच्या दाखल्याकडे बघतात आणि दाखल्याचं मागतात. साधं खातात ते ट्रकवाले, लिन आणि रूपचंद.

परवा मी साधं मागायचे ठरवूनच गेलो. त्या पहिल्या वाटीचा वास अजून नाकातून गेला नव्हता. माझा नंबर आला. हेमांगीने विचारले आणि माझ्याकडे पाहत थांबली. लहान पातेल्याचे झाकण तिच्या हातात होते. मागे ओळखीची चार माणसे होती, आणि अध्यक्षच साधं खातो म्हटल्यावर दाखल्याचे काय?

"दाखल्याचं," मी म्हणालो.

तिने झाकण ठेवून दिले. मी वाटी घेऊन बाजूला झालो. या आता पुढे, तुमचाच नंबर आहे. आणि मागे बघू नका. ओळखीचे बरेच जण आहेत.