जमिनीवर बसणारे डॉक्टर

डॉ. घाडीगावकर कुत्र्यांना अहो म्हणत. मांजरांनाही म्हणत. "अहो, जरा तोंड उघडता का? उघडा, उघडा. हं, एवढंच होतं बघा." हे सगळं शुद्ध मराठीत. समोर असायचा ड्युसेलडॉर्फमध्ये जन्मलेला, जन्मात जर्मनखेरीज काही न ऐकलेला, आखूड पायांचा लांबोडका डाकेल कुत्रा. आणि तो तोंड उघडायचा.

मला मात्र ते नुसतं "दिघे" म्हणत. मी एकदा तक्रार केली, तर म्हणाले, "तुम्हाला दुखतंय कुठे ते तुम्ही सांगू शकता. त्यांना सांगता येत नाही. मग मान कुणाला जास्त द्यायचा?"

हे सगळं एकोणीसशे अठ्ठावन्न-एकोणसाठचं. मी एका यंत्रांच्या कारखान्यात शिकाऊ इंजिनियर म्हणून आलो होतो आणि राहायला खोली मिळाली ती नेमकी त्यांच्या दवाखान्याच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. सामान वर नेताना जिन्यात "अगं बाई, घाबरलात होय?" असं ऐकू आलं. परक्या देशात चौथ्या दिवशी कानावर मराठी पडली म्हणून मी बॅग तिथेच ठेवून आत डोकावलो. एक काळेसावळे, चाळिशीचे गृहस्थ पांढरा कोट घालून फरशीवर मांडी ठोकून बसले होते आणि कपाटाखाली लपलेल्या मांजरीशी बोलत होते. त्यांनी वर पाहिलं. "बसा," म्हणाले. मी खुर्ची शोधू लागलो. "खुर्ची नको. खाली बसा. उभ्या माणसाकडे त्या येत नाहीत."

ओळख झाली ती अशी, कपाटासमोर, मांजरीची वाट पाहत.

जमिनीवर बसणं हा त्यांचा नेमच होता. तपासायचं चकचकीत टेबल होतं, पण जनावराला त्यावर चढवायचं ते अगदी शेवटी. आधी दहा मिनिटं खाली. त्यामुळे पांढऱ्या कोटाचा गुडघ्याखालचा भाग कायम मळलेला. फ्राऊ म्योलर, म्हणजे दवाखाना सांभाळणाऱ्या साठीच्या बाई, रोज तो कोट बदलायला लावत आणि रोज म्हणत, "हेर डॉक्टर, जर्मनीत टेबलं असतात." डॉक्टर म्हणत, "गेनाऊ, अगदी बरोबर, फ्राऊ म्योलर. म्हणूनच सगळी जनावरं टेबलाला घाबरतात."

घाडीगावकर हे नाव जर्मन जिभेला पेलणारं नव्हतं. दारावरच्या पाटीवर ते पूर्ण होतं, पण गल्लीत ते 'हेर डॉक्टर घाडी' झाले होते. खरं तर ते कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर नव्हतेच. कोकणात बैलांवर आणि म्हशींवर उपचार करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. इकडे आले ते गुरांच्या लाळ्या-खुरकुताच्या रोगावर डॉक्टरेट करायला. ती करताना रविवारी एका म्हाताऱ्या जर्मन डॉक्टरांच्या दवाखान्यात मदतीला जाऊ लागले. डॉक्टरेट झाली, म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले, आणि दवाखाना ह्यांच्या गळ्यात पडला. घरी गावात सांगायची पंचाईत. त्यांचे एक काका पत्रात लिहीत, "बैलाचा डॉक्टर म्हणजे काहीतरी कामाचा. तू तिथे साहेबांच्या कुत्र्यांचे कान साफ करतोस असे कळते."

मलाही सुरुवातीला तसंच वाटे. आपल्याकडे माणसांना औषध मिळत नाही आणि इथे पुडल कुत्र्याच्या पोटदुखीवर चर्चा. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "उद्या शनिवार. तुम्हाला सुट्टी. वेटिंगच्या खोलीत तासभर बसा. कुत्र्यांकडे बघू नका. पट्टा धरलेल्या हातांकडे बघा."

मी बसलो. फ्राऊ म्योलरनी मला कॉफी दिली. हात बघितले. एक हात सारखा कुत्र्याच्या कानामागे फिरत होता, जणू कानच आजारी आहे. एका हाताला दोन बोटं नव्हती. एका बाईच्या मांडीवर इतका जाडा डाकेल होता की त्याचं पोट तिच्या दोन्ही गुडघ्यांवरून ओघळलं होतं, आणि तिचा हात पर्समधून काहीतरी काढून हळूच त्याच्या तोंडाशी जात होता. लिव्हरवुर्स्टचा, म्हणजे कलेजीच्या सॉसेजचा तुकडा. डॉक्टरांच्या दारातच.

त्या काळात गल्लीतली सगळी कुत्री जाड होती. लढाईत उद्ध्वस्त झालेल्या शहराच्या इमारती पुन्हा उभ्या राहिल्या होत्या, दुकानांत लोणी, सॉसेज, केक भरभरून आले होते, आणि ते सगळं कुत्र्यांपर्यंत पोचत होतं. दुसरा डॉक्टर असता तर त्यानं त्या बाईला फैलावर घेतलं असतं. घाडीगावकरांनी तिला विचारलं, "लढाईनंतरच्या हिवाळ्यात काय खाल्लंत तुम्ही?"

बाई गोंधळली. मग म्हणाली, "बटाट्याच्या साली. पुष्कळदा त्याही नाहीत."

"हं," डॉक्टर म्हणाले. "आणि आता ह्यांनी तोंडाकडे बघितलं की तुम्हाला नाही म्हणवत नाही."

बाई रडली नाही, पण बराच वेळ पर्सचा खटका उघडबंद करत राहिली. डॉक्टरांनी तिला सॉसेजऐवजी उकडलेल्या गाजराचे तुकडे द्यायला सांगितले. "द्यायचं थांबवू नका. काय देता ते बदला." ती गेल्यावर मला म्हणाले, "पट्टा ज्याच्या हातात, निम्मा आजार त्याच्या घरात. नुसतं कुत्र्याला औषध देऊन भागत नाही, दिघे."

हे वाक्य ते दिवसातून चारदा तरी म्हणत. कुणाचा पोपट पिसं उपटतो, तर हे विचारणार, घरात भांडण आहे का. मालकांना प्रथम राग येई. मग ते खुर्ची पुढे ओढून बोलायला लागत. एकेक पेशंट तास तास चाले आणि फ्राऊ म्योलर दारातून घड्याळ दाखवत राहत.

मराठीचंही मी एकदा विचारलं. जर्मन त्यांचं उत्तम होतं, मग कुत्र्यांशी मराठी का? ते म्हणाले, "जर्मन बोलताना आधी डोक्यात जुळवावं लागतं. डोकं चाललं की हात थांबतात आणि हात थांबले की जनावर बावरतं. मराठीत तोंड आपलं आपण चालतं." हे उत्तर मला पटलं. पण नंतर फ्राऊ म्योलरनी भांडी विसळता विसळता दुसरी बाजू सांगितली. मी यायच्या आधी पाच वर्षं ह्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलणारं एकही माणूस ह्या गावात त्यांनी पाहिलं नव्हतं. रविवारीसुद्धा ते खाली येऊन दाखल केलेल्या जनावरांपाशी बसून राहत.

जनावरं घेऊन येणाऱ्या मालकांमध्ये एक होते हेर लिंडनर. ट्रामचे निवृत्त ड्रायव्हर, ताठ, मितभाषी. बायको वारलेली, मूलबाळ नाही. घरात ते आणि रोल्फ नावाचा पांढरा, दाट केसांचा स्पिट्झ कुत्रा. दोघं रोज संध्याकाळी पाचला आमच्या दारावरून फिरायला जात. एकोणसाठच्या उन्हाळ्यात रोल्फ फार पाणी पिऊ लागला, खाल्लेलं उलटू लागलं, त्याच्या तोंडाला विचित्र वास येऊ लागला. डॉक्टरांनी तपासलं, फरशीवरच बसून लिंडनरना सांगितलं की मूत्रपिंडं थकली आहेत. औषधानं थोडे दिवस सुखाचे करता येतील. दिवस वाढवता येणार नाहीत.

लिंडनर म्हणाले, "मग आजच संपवा. त्याचे हाल मला नकोत."

डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही खुंटीवरची टोपी घेतली की हे उठतात का?"

"उठतो. शेपूट हलवतो. दारापर्यंत येतो."

"मग आज नाही," डॉक्टर म्हणाले. "ते अजून फिरायला जातायत. आपण का थांबवायचं?"

त्यानंतर रोल्फ साडेतीन आठवडे जगला. लिंडनर दर दोन दिवसांनी त्याला आणत. डॉक्टर कातडीखाली सलाइन देत, पथ्याचं शिजवून द्यायला शिकवत. मी कारखान्यातून आलो की कधीकधी रोल्फला धरायला बसत असे. आता मीही जमिनीवर बसायला सरावलो होतो.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी लिंडनर त्याला उचलूनच घेऊन आले. ट्रामचा जुना गणवेशाचा कोट घातला होता. कुणी काही विचारायच्या आत म्हणाले, "आज टोपी घेतली. तो उठला नाही."

डॉक्टरांनी फ्राऊ म्योलरना बाहेरचं दार लावायला सांगितलं. फरशीवर घोंगडी अंथरली. लिंडनरनी रोल्फला तिच्यावर ठेवलं, टोपी उचलली आणि म्हणाले, "मी बाहेर थांबतो. माझ्याच्यानं बघवणार नाही."

आतापर्यंत कुणाही मालकाला आग्रह करताना मी डॉक्टरांना पाहिलं नव्हतं. ते उठले, दारापाशी गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "हेर लिंडनर, तुम्हाला जायचं तर मी अडवणार नाही. पण तुम्ही गेलात की ते दाराकडे बघत राहतील. मी कितीही चांगला असलो तरी मी तुम्ही नाही."

लिंडनर दाराच्या मुठीवर हात ठेवून उभे होते. मग त्यांनी कोट काढला, सत्तरीच्या माणसाला जितक्या कष्टानं बसता येतं तितक्या कष्टानं खाली बसले आणि रोल्फचं डोकं मांडीवर घेतलं. डॉक्टर मराठीत बोलत होते, "झालं हं. काही नाही. मालक आहेत इथेच. झालं." एक इंजेक्शन. लिंडनरांचा हात पांढऱ्या केसांतून तसाच फिरत राहिला. आम्ही कुणीही त्यांना घाई केली नाही. फ्राऊ म्योलरनीसुद्धा घड्याळाकडे पाहिलं नाही.

नंतरच्या आठवड्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. संध्याकाळी पाचला दवाखाना रिकामा असे. डॉक्टर कुठे गेले म्हणून विचारलं, तर फ्राऊ म्योलर म्हणाल्या, "फिरायला." आता ह्या माणसाला जिना चढायचा कंटाळा. फिरायला कशाला जाईल? एक दिवस माझी पाळी लवकर सुटली आणि मी नदीकाठच्या रस्त्यानं येत होतो, तेव्हा ते दिसले. डॉक्टर आणि हेर लिंडनर. दोघांचे हात मागे, मध्ये एक कुत्रा चालेल एवढी जागा. एका झाडापाशी थांबले, थोडा वेळ उभे राहिले, पुढे चालू लागले. पुलाच्या पायऱ्यांपाशी पुन्हा थांबले. मग एका बंद दुकानाच्या कोपऱ्यावर. मी त्यांना गाठलं तेव्हा लिंडनर मला समजावून सांगत म्हणाले, "इथे तो नेहमी थांबायचा."

लिंडनरना त्यांच्या दारापाशी सोडून आम्ही दोघं परत निघालो. हवेत गारठा आला होता. मी म्हटलं, "डॉक्टर, हे औषधात येतं का?"

"नाही," ते म्हणाले. त्यांनी कोटाची कॉलर वर केली. मग म्हणाले, "माझी आई गेली, त्याला आता सहा वर्षं होतील. पत्र बोटीनं आलं, एकवीस दिवसांनी. दुखणं, दहावा, तेरावा, सगळं उरकलेलं. मी पत्र वाचलं आणि दवाखान्यात गेलो. त्या दिवशी पाच पेशंट होते, पाचही बघितले. संध्याकाळी वाटलं, कुणाशी तरी बोलावं. कुणाशी बोलणार? लोक चांगले होते. फ्राऊ म्योलरनी सूप आणून दिलं. पण ह्या आख्ख्या गावात आईला पाहिलेलं माणूस एकही नव्हतं."

ते कोटाच्या खिशात हात घालून चालत होते.

"रोल्फ कसे होते, ते ह्या म्हाताऱ्याला माहीत आहे. आणि थोडं तुम्हाला-मला. बाकी कुणाला नाही. म्हणून जातो."

वर्षभर त्यांच्या डोक्यावर राहिलो, त्यांच्या हातची डाळ खाल्ली, कारखान्यातल्या कटकटी त्यांना ऐकवल्या, पण त्यांच्या घरचं एक अक्षर कधी विचारलं नव्हतं. थोडं अंतर चालल्यावर मी विचारलं, "आई कशा होत्या तुमच्या?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पाच फूटसुद्धा नव्हती," म्हणाले. "पण आवाज असा की पलीकडच्या वाडीतली माणसं थांबायची. शेजारणीशी सकाळी कडाकडा भांडायची आणि दुपारी तिच्याकडेच विरजण मागायला जायची. शेजारीण देणार नाही असं तिला कधी वाटायचंच नाही. एकदा काय झालं..."

आमचं दार आलं. दवाखान्याच्या पायरीवर कुणीतरी टोपलीत मांजर घेऊन बसलं होतं. फ्राऊ म्योलर खिडकीतून मला खूण करत होत्या, डॉक्टरांना आत पाठवा म्हणून. मी त्यांना हातानंच सांगितलं, थोडं थांबा. आणि आम्ही दोघं तसेच पुढे चालत राहिलो.