बारा इंच स्लॅब, बोटभर वायर

पन्नास वर्षं मी काँक्रीट ओतलंय! ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलच्या बंदरापासून टेकडीपर्यंत डोळे मिटून चाला, कुठं ना कुठं पायाखाली माझं काम लागेलच. तेव्हा माझ्या स्वतःच्या घरात, खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर, करंगळीहून बारीक अशी इंटरनेटची वायर न्यायची, म्हणजे असं काय मोठंसं! सकाळी कॉफी घेऊन सुरुवात करायची, जेवायच्या आत हात धुऊन मोकळं व्हायचं.

असं मी विंकोला म्हणालो. विंको माझा शेजारी. चाळीस वर्षं समुद्रावर मासे पकडून घरी बसलेला क्रोएशियन गडी, दोन्ही कानांनी अर्धाअर्धा बहिरा. तो म्हणाला, "जेवायच्या आत? आजच्या जेवणाच्या, नुन्झिओ, की नाताळच्या?"

त्याच्या कुजकट बोलण्याकडे मी कधीच लक्ष देत नाही. द्यायला हवं होतं.

हे घर मी माझ्या हातांनी बांधलं. माझ्या लहानपणी इटलीत, कालाब्रियात, आमचं गावचं घर भूकंपात बसलं, आजोबांना पोटात घेऊन बसलं. त्यामुळे इथं इंजिनियर म्हणाला, वरच्या मजल्याला सहा इंच स्लॅब पुरे, तेव्हा मी म्हणालो बारा! तो म्हणाला लोखंडाची जाळी एक, मी घातल्या दोन! पृथ्वी दुभंगली तरी माझी पोरं वर शांत झोपली पाहिजेत.

पोरं झोपली. मग उठली आणि निघून गेली. एक मुलगा लंडनला, एक ब्रिस्बेनला, मुलगी ओर्नेल्ला मेलबर्नला. गेल्या ऑगस्टात फिलोमेनाही गेली. ती माझी बायको. बाजारात जाताना जसं सांगायची, "आलेच हं," तसं काहीही न सांगता गेली. आता वर चार खोल्या, चार खिडक्या, चार पलंग. आणि खाली मी.

ओर्नेल्ला अधूनमधून यायची, चार दिवसांसाठी. तिचं सगळं काम कॉम्प्युटरवर, आणि माझ्या स्लॅबमधून इंटरनेट वर चढत नाही. नुसतं कुठंतरी खाली घुटमळतं, पायऱ्या बघून दमलेल्या पाहुण्यासारखा. मग ती खाली स्वयंपाकघरातल्या टेबलावर काम मांडायची. समोर ती, शेगडीपाशी मी.

"पप्पा, मिरच्या तळू नकोस ना! मीटिंग चालू आहे!"

"मग हळू तळतो."

"हळू काय तळतो! माझ्या साहेबांना तिकडं चर्रर्र ऐकू येतंय!"

साहेबांनी विचारलं म्हणे, तुमच्याकडे पाऊस पडतोय का?

एप्रिलमध्ये तिचा फोन आला. "पप्पा, वरच्या माझ्या खोलीत नेट असतं ना, तर मी चार दिवस नाही, अख्खा हिवाळा येऊन राहिले असते. जून, जुलै, ऑगस्ट. ऑफिस नाही म्हणणार नाही."

अख्खा हिवाळा!  फिलोमेना गेली त्यालाही ऑगस्टात वर्ष होणार होतं. तो महिना मला एकट्यानं काढायचा नव्हता. बस, एवढंच होतं सगळं.

आमच्याकडे भिंतीतली वायर ओढायला परवाना लागतो. परवानेवाली बाई आली, ग्लेनिस. पन्नाशीची, खांदे माझ्याहून रुंद. तिनं छताला मूठ मारून पाहिली आणि मूठ चोळत म्हणाली, "काका, हे घर आहे की रणगाडा?"

"बारा इंच!" मी म्हणालो. "जाळी दुहेरी!"

"अभिनंदन. यातून माझं ड्रिल जायचं नाही. वायर बाहेरून नेते, भिंतीवरून, आणि खिडकीला भोक पाडून आत."

भिंतीवरून! माझ्या घराच्या तोंडावर वायर! आजारी माणसाच्या नाकात नळी घालतात तशी! मी साफ नाही म्हणालो. ग्लेनिस म्हणाली, "मग वाट तुम्ही शोधा. वाट सापडली की वायर मी ओढीन. गुरुवारी अकराला येते."

आणि तेव्हा मला आठवलं. वाट होती!

स्लॅब ओतायच्या दिवशी फिलोमेना आम्हा सगळ्यांचं जेवण घेऊन आली होती. पोटात ओर्नेल्ला. सेंटरिंगच्या फळ्यांकडे बघून म्हणाली, "यात एक रिकामा पाइप सोड."

"कशाला?"

"खालून वर जायला एक वाट असू दे. पुढंमागं लागेल काहीतरी."

बायकोपुढं, तेही भरल्या पोटाच्या, कोण हुज्जत घालतो? सोडला पाइप, वरच्या भिंतीतून खालच्या भिंतीत. दोन्हीकडून प्लास्टर झालं, पाइप बुजला. कुठं सोडला, ते मात्र तिच्याच लक्षात. पन्नास वर्षांत मला कधी विचारायची वेळ आली नाही. आणि आता विचारायचं होतं, तर ती नव्हती.

गुरुवारी सकाळी आठला मी छिन्नी-हातोडा घेऊन वर गेलो. विंको गळाची दोरी आणि तिला बांधायचं शिशाचं वजन घेऊन आला. पाइप सापडला की त्यातून दोरी खाली सोडायची, असा बेत. मी मोठ्या आत्मविश्वासानं न्हाणीघरातली भिंत फोडली. फिलोमेनाच्या गुलाबी टाइल्स, तिनं सहा दुकानं हिंडून आणलेल्या. चार गेल्या. पाइप नाही! मग थोरल्याच्या खोलीत फोडलं. नाही! धाकट्याच्या खोलीत फोडलं. तिथं पाइप मिळाला, पण त्यात पाणी होतं!

"मासा लागला!" विंको ओरडला. चिंब भिजला होता.

पाणी बंद करता करता दहा वाजले. ओर्नेल्लाची खोली मला फोडायची नव्हती. उरली एकच, आमची. तिथं मी फिलोमेना गेल्यापासून पाऊल टाकलं नव्हतं. तिचं कपाट आम्ही दोघांनी रेटलं. कपाटामागच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. अक्षर तिचं, डावीकडं कललेलं.

"पाइप इथे आहे. नुन्झिओ विसरणार."

मी खाली बसलो. विंकोनं वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. मग म्हणाला, "हातोडा मी मारू?"

"नको. मीच मारतो. अक्षर सोडून मारतो."

पाइप होता! तोंड मोकळं केलं, विंकोनं दोरीला शिसं बांधलं आणि खाली सोडलं. बारा इंचांतून सरसर गेलं, भिंतीत उतरलं आणि कुठंतरी अडलं. विंको जन्माचा मच्छीमार. दोरी अडली की तो ती वर-खाली हलवणारच. टक. टक टक.

मी पाइपला कान लावला. खालून आवाज आला.

"फिलो? तू आहेस का गं?"

आसुंता! माझी मेव्हणी, फिलोमेनाची थोरली बहीण. रोज सकाळी येते, स्वयंपाकघरात बसून माझ्या शेंगा सोलते आणि मला शिव्या देते. तिथल्या भिंतीवर मरियामातेची तसबीर आहे, फिलोमेनानं लावलेली. आता कळलं, ती तिथंच का लावली होती!

टक टक, विंकोनं दोरी हलवली.

"हो म्हणतेय!" खाली आसुंता हमसून रडायला लागली. "फिलो, बाई, तुला एक सांगायचंय. आईच्या त्या भरतकामाच्या चादरी हरवल्या नव्हत्या गं. मी नेल्या. रागावलीस का?"

मी विंकोला हातानं खुणावलं, थांब! त्याला वाटलं, जोरात म्हणतोय. टक टक टक टक!

"रागावलीस! रागाव, तुझा हक्कच आहे. पण ऐक. तुझा नवरा अजून दोन ताटं वाढतो. मी आले की एक पटकन फडताळात सरकवतो. त्याला वाटतं, म्हातारीला दिसत नाही. तो असाच वाळून जायचा गं. पोरीला इकडं आण. तिथून काहीतरी कर."

माझा कान पाइपला तसाच चिकटून राहिला. दोन ताटांचं कुणाला कळलं असेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात प्लास्टरच्या धुळीनं विंको शिंकला. तेही असं, की पाइपात तोफ उडावी!

खालचं रडणं थांबलं. मग आसुंता अगदी हळू आवाजात म्हणाली, "तिकडं थंडी आहे का गं फार?"

तेव्हाच अकरा वाजले आणि ग्लेनिस वायरचं भेंडोळं घेऊन दारात उभी राहिली. आसुंता तसबिरीपुढं गुडघ्यांवर! "बोलू नकोस! माझी बहीण आलीय!"

"कुठं?"

"भिंतीत!"

ग्लेनिसनं तसबीर उतरवली, भिंतीला कान लावला आणि पेचकसाच्या मुठीनं एक ठोका दिला. प्लास्टरचा पापुद्रा गळला आणि त्यामागून विंकोचं शिसं सुटून थेट शेंगांच्या भांड्यात पडलं. आसुंतानं शिशाकडं पाहिलं. दोरीकडं पाहिलं. मग भोकाला तोंड लावून अशी गर्जली, की वर आमच्या अंगावर उरलेलं प्लास्टर पडलं.

"नुन्झिओ!!"

मी खाली गेलो. तिच्या हातात लाकडी डाव होता.

"किती ऐकलंस?"

"काहीच नाही."

"चादरी?"

"कसल्या चादरी?"

 तिनं डाव खाली ठेवला. मग उचलला आणि मारलाच. ताटांचा विषय तिनंही काढला नाही, मीही नाही. पंधरा दिवस ती आली नाही. सोळाव्या दिवशी आली, वर गेली आणि ओर्नेल्लाच्या पलंगावर त्याच भरतकामाच्या चादरी अंथरून गेली.

जूनच्या पहिल्या शनिवारी ओर्नेल्ला आली. ग्लेनिसनं पाइपातून ओढून तिच्या खोलीपर्यंत नेलेली वायर पोरीनं सोमवारी कॉम्प्युटरला जोडली. इतकं सुसाट नेट म्हणे तिच्या मेलबर्नच्या घरातही नाही! मी छाती फुगवली. तिनं माझा गालगुच्चा घेतला, वर गेली आणि दार लावून घेतलं.

सकाळी सातला दार लागायचं ते तीनला उघडायचं. मी खाली, ती वर, मधे बारा इंच. आता स्वयंपाकघरात मी पोतंभर मिरच्या तळल्या असत्या तरी "पप्पा, नको ना!" म्हणायला कुणी नव्हतं. वाट मीच काढून दिली होती, आणि त्या वाटेनं माझी पोरगीच टेबलावरून उठून वर निघून गेली होती. पास्ता ती बशीत घेऊन वर न्यायची.

चौथ्या दिवशी, दुपारी एक वाजता, मी खालच्या नेटच्या डबीतून वायर उपसली.

वर दार उघडलं. "पप्पा! नेट गेलं!"

"अरेरे! स्लॅब जाड आहे ना, होतं असं," मी म्हणालो. "येईल. तोवर गरम गरम खाऊन घे."

रोज एकला वायर निघायची, दोनला बसायची. ती समोर बसायची, ऑफिसबद्दल कुरकुरायची, आईबद्दल विचारायची. मी इतका सफाईनं खोटं बोलत होतो, की माझं मलाच कौतुक!

तिसऱ्या आठवड्यात मी डबीकडं हात नेला आणि मागून आवाज आला, "राहू दे पप्पा. आज मी आपणहून आलेय."

मी लाल झालो. तिनं फोन माझ्यापुढं धरला. तिच्या कामाचं वेळापत्रक, चौकोनच चौकोन. रोज एक ते दोनच्या चौकोनात एकच ओळ: "वडिलांकडची लाइन बंद."

"पहिल्याच आठवड्यात कळवून टाकलं ऑफिसला," ती म्हणाली. "म्हटलं, घर जुनं आहे, दुपारी जाते लाइन."

"जुनं? बारा इंच—"

"दुहेरी जाळी. माहीत आहे. बस आता."

मी फोन हातात घेऊन बोटानं पुढं सरकवत गेलो. जून भरलेला, जुलै भरलेला, ऑगस्ट शेवटच्या दिवसापर्यंत भरलेला. पुढचा महिना पांढरा होता. मी फोन उपडा ठेवला आणि पास्ता वाढला. एक ताट तिचं, एक माझं.

तिनं पहिला घास घेतला, चावला, थांबली.

"पप्पा, यात मीठच नाही."

नसणारच. पन्नास वर्षं शेगडीपाशी मीच मिरवलो हो, पण मीठ घालायची फिलोमेना! माझी पाठ वळली की घालत असणार. हे मला गेल्या ऑगस्टनंतर कळलं, आणि नक्की किती घालायची, ते अजूनही जमत नाही.