करकरीची वहिवाट

मला एक सांगा, विश्वास कुणावर ठेवावा: ज्याच्या वाटणीला पलंग आला त्याच्यावर, की ज्याच्या वाटणीला त्या पलंगाची करकर आली त्याच्यावर?

घाई करू नका, चहा येतोय. तुम्ही बारबोल्यांच्या अंगणातली मधली खोली भाड्यानं घेतलीत म्हणून विचारतो. तुमच्या उजवीकडं थोरला नागनाथ, डावीकडं धाकटा सोपान. दोघंही देवमाणसं. औषधाला तुळस मागा, झाड उपटून देतील. पण करकरीचा विषय निघाला की दोघांच्याही बोलण्यावर मी विसंबत नाही. माझं आपलं नट-बोल्टाचं दुकान. शाळेत मी फार टिकलो नाही. जे शिकलो ते गिऱ्हाइकांनी शिकवलं, आणि त्यांनी काही फुकट शिकवलं नाही.

त्यांची आई कोंडाबाई जाताना म्हणाली होती, आप्पा सांगेल तसं वाटून घ्या. म्हणून वाटणीला मी बसलो आणि सोबत निवृत्त तलाठी भाऊसाहेब काळदाते. भांडी झाली, म्हशी झाल्या, अंगण सामायिक ठेवलं. राहिला आईचा लोखंडी पलंग. तिच्या लग्नात तिच्या वडलांनी दिलेला, पट्ट्यांचा, उशाला वेलबुट्टीची जाळी असलेला. पलंग एक, भाऊ दोन.

सोपान म्हणाला, "पलंग दादाला द्या, आप्पा. मला त्याची करकर द्या."

नागनाथ हसला. "ने की लेका! कान किटलेत माझे. कूस बदलली की कर्र, खोकलं की कर्र. मला एकदाची गुमान झोप लागू दे."

भाऊसाहेबांनी विचारलं, "दोघांची संमती आहे ना?" दोघं हो म्हणाले. विषय संपला.

तुम्हाला नवल वाटत असेल तर वाटू देऊ नका. आमच्याकडं अशा वाटण्या होतात. वेशीजवळच्या शेवंताबाईनं चिंचेचं झाड विकलं तेव्हा सावली स्वतःकडं ठेवून घेतली होती. घेणाऱ्यानं झाड तोडून नेलं. सावली आहे तिथंच आहे. दुपारी बायका तिथं शेंगा फोडत बसतात. व्यवहार चोख असला की वस्तू बिचारी कुरबूर करत नाही.

तर दुसऱ्या दिवशी पान्हा, वायसर, मेणबत्ती आणि फिरकीच्या झाकणाचा पितळी डबा घेऊन मी नागनाथकडं गेलो. पलंगाची करकर काढणं अवघड नसतं, फक्त तिला पळायला वाट ठेवायची नाही. आधी उशाचे बोल्ट ढिले केले, सांध्याला मेण चोळलं, वायसर घातले, आवळले. करकर सरकली बाजूच्या पट्टीत. पट्टी आणि पायाच्या मधे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घातला. ती गेली पायथ्याला. तिथला शेवटचा बोल्ट आवळताना डबा खाली धरला आणि आली की झाकण फिरवलं. डबा कानाला लावला तर आत कुणीतरी अलगद कूस बदलतंय असं वाटायचं.

सोपानकडं लाकडी दिवाण होता. लोखंडाची करकर लाकडात रुजत नाही, हे त्याला सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना. घालून दाखवली; दोन वेळा हललो तर दिवाण नुसता खाकरला. मग त्यानं लोखंडी पलंग आणला आणि त्यात ती अशी बसली, जणू तिथंच जन्मली. सोपानची बायको रत्नमाला मात्र कमरेवर हात ठेवून बघत होती.

"लोक वाटणीत सोनं आणतात. आमच्या ह्यांनी आवाज आणला."

"गप गं," सोपान म्हणाला आणि आडवा झाला. पाठ टेकते न टेकते तोच घोरायला लागला, भर दुपारी, मी समोर उभा असताना.

पुढं काही दिवसांनी नागनाथ दुकानात आला. डोळे तारवटलेले.

"आप्पा, पलंगात काहीतरी बिघाड हाय."

"काय बिघाड?"

"वाजत न्हाई."

"तेच तर ठरलं होतं."

"तसं न्हाई. म्हणजे..." तो खिळ्यांच्या पेटीत बोटं फिरवत राहिला. "इतकं गप झोपायची माणसाला सवय नसती."

मागून त्याची बायको इंदू आली होती, ती म्हणाली, "अहो आप्पा, ह्यांना पहाटेपर्यंत डोळा लागत न्हाई. मलाच म्हणत्यात, तू जरा काठावर बसून तोंडानं कर्र कर. मी सुनबाई म्हणून ह्या घरात आले का बिजागरी म्हणून?"

मी त्याला म्हटलं, सोपानला सांग, काहीतरी मार्ग काढेल. पण नागनाथचा ताठा मोठा. त्यानं परस्पर जत्रेतल्या आकाशपाळण्याची करकर आणली आणि घातली पलंगात. वाजायची झकास. पण रात्रभर दोघांना उंच जाऊन खाली आल्यासारखं वाटायचं. इंदूला मळमळायला लागलं, तेव्हा ती सोडून दिली. मग कुठल्या तरी गिरणीच्या फाटकाची आणली. ती सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळीच वाजायची, आणि रविवारी सुट्टी. परकी करकर घरात लागत नाही, साहेब. तिला आपली माणसं माहीत नसतात.

आणि मग एके सकाळी सोपानचा पलंग मुका झाला आणि नागनाथचा वाजायला लागला.

सोपान सरळ माझ्याकडं आला. "चोरी झालीय, आप्पा. माझ्या वाटणीची वस्तू दादाच्या घरात वाजतीय."

नागनाथचं म्हणणं, करकर आपल्या पायानं आली. मांजर नाही का जुन्या घरी येत? मी तिला हाकलायची कशी?

मांजराची उपमा सोपानला झोंबली. त्या दिवशी त्यानं विटा मागवल्या. गवंडी आला, अंगणाच्या मधोमध त्यानं दोरी ताणली, फक्की टाकून पांढरी रेघ ओढली. वाटणीतसुद्धा आम्ही जे अंगण फोडलं नव्हतं, जिथं दोन्ही घरची पोरं एका ताटात जेवायची, त्याच्या पोटातून आता पुरुषभर उंचीची भिंत जाणार होती. एकदा भिंत उठली की भावांचं बोलणं बंद होतं. पुढं लग्नाची पत्रिकासुद्धा पोस्टानं येते. ही गोष्ट मी या पेठेत बघितलेली आहे. म्हणून गवंड्याला म्हटलं, बाबा, चहा पिऊन ये, सावकाश पी. आणि भाऊसाहेबांना बोलावून घेतलं.

सुनावणी अंगणातच झाली. दोन्ही पलंग बाहेर आणले. भाऊसाहेब फक्कीच्या रेघेवर खुर्ची टाकून बसले, एक पाय इकडं, एक पाय तिकडं.

"प्रथम हे ठरवू," ते म्हणाले, "की करकर ही स्थावर आहे की जंगम."

मी म्हटलं, "पलंगात असते तोवर स्थावर. डब्यात असली की जंगम."

"बरोबर. मग स्थावर वस्तू स्वतःहून अंगण ओलांडेल काय, नागनाथ?"

इंदूनं नागनाथला कोपरानं ढोसलं. "सांगा की आता. मांजर म्हणं!"

"मीच आणली," नागनाथ मान खाली घालून म्हणाला. "सोपान शेतावर गेला होता. पान्हा आन् डबा आप्पाच्या दुकानातनं मागून आणला."

"मागितली असती तर मी न्हाई म्हणलो असतो का?" सोपान ओरडला.

"मागायची लाज वाटली. मीच म्हणलो होतो, कान किटलेत, घेऊन जा."

कोंबड्या फक्कीची रेघ उकरत होत्या. भाऊसाहेब म्हणाले, आता वस्तू तपासू. त्यांनी नागनाथला पलंगावर आडवं व्हायला सांगितलं. घरात भिंत असते त्या अंगाला तो वळला तर उशाचा सांधा वाजला, दार असतं त्या अंगाला वळला तर पायथ्याचा. दोन वेगळे सूर. एक भरदार, एक बारीक.

"हे असं का?" भाऊसाहेबांनी विचारलं.

उत्तर सोपाननं दिलं. "ल्हानपणी आई मधी झोपायची. दादा भिंतीकडं, मी दाराकडं. पांघरूण एकच. ती दादाकडं वळून त्याच्या अंगावर पांघरूण ओढायची तवा उशाचं वाजायचं. माझ्याकडं वळली की पायथ्याचं."

भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. सरकारी माणसाला वस्तूचे दोन भाग पडताना दिसले की बरं वाटतं. "मग प्रश्नच मिटला! उशाची करकर थोरल्याला, पायथ्याची धाकट्याला. कोरेआप्पा, काढा पान्हा."

"नको!" दोघं एकदम म्हणाले.

"का? जो तो आपापली घ्या."

सोपान रेघेकडं बघत म्हणाला, "नुसती माझ्याकडंच वळत राहिली, तर दादा उघडा पडल की."

नागनाथ पलंगावर तसाच आडवा होता. त्यानं तोंड भिंतीच्या अंगाला केलं आणि उशाचा सांधा हळूच वाजला. इंदूनं पदर डोळ्याला लावला. रत्नमाला म्हणाली, "बरं झालं सगळं. पण विटा आल्यात. त्या काय आता उकडून खायच्या?"

प्रश्न रास्त होता. मन मोकळं झालं तरी मागवलेली भिंत परत पाठवायची म्हणजे गावासमोर कमीपणा. सोपानची मान पुन्हा ताठ व्हायला लागली. गवंडीही चहा पिऊन परत आला होता, थापी हातात घेऊन.

व्यापारात मी एक शिकलो. गिऱ्हाइकाला माघार घ्यायला सांगायचं नाही. त्याला पुढं जायला दुसरं दार दाखवायचं. मी म्हटलं, "भाऊसाहेब, सामायिक विहिरीचं आपण काय करतो?"

"पाळी लावतो," ते म्हणाले. "पण पाणी भागतं. इथं तर..."

"इथंही भागेल. शुद्ध पक्षात करकर नागनाथच्या पलंगात, वद्य पक्षात सोपानच्या."

"अंधाराचा पक्ष मलाच का?" सोपान म्हणाला.

"अंधारात झोप चांगली लागते. गप बस. आता पुढचं विचारतो, भाऊसाहेब. सामायिक विहिरीकडं जायची वाट असते. ती अडवता येते?"

भाऊसाहेब खुर्चीत सरळ झाले. इतक्या वर्षांची नोकरी त्यांच्या आवाजात उतरली. "वहिवाट कुणालाही अडवता येत नाही."

"मग दर पंधरवड्याला डबा या घरातून त्या घरात जाणार. भिंतीवरून हातात देता येणार नाही. डबा छातीच्या वर उचलला की करकर उलटी होते, उशाचं पायथ्याला जातं. रस्त्यानं वळसा घालून न्यावी तर एसटीच्या आवाजात मिसळेल. म्हणजे वाट ही एवढीच."

भाऊसाहेब उठले, खुर्ची बाजूला केली, दोन्ही उंबऱ्यांच्या मधून चालत गेले, वळले, परत आले. मग जाहीर केलं, "सदर अंगणातून करकरीची वहिवाट आहे. इथं कोणतंही बांधकाम करता येणार नाही."

सोपाननं गवंड्याकडं बघून हात पसरले. "काय करणार बाबा? कायदाच हाय."

"कायदाच हाय," नागनाथही पलंगावरून म्हणाला, फार गंभीरपणानं.

गवंड्याला रिकामं कसं पाठवायचं? विटांचा त्याच दिवशी अंगणाच्या कडेला लांबलचक ओटा बांधला, वाट सोडून. इंदू आणि रत्नमाला तिथं शेवया वाळत घालतात आणि आपापल्या नवऱ्यांना नावं ठेवतात. पाळी बदलते त्या दिवशी दोघं भाऊ डबा घेऊन अंगण ओलांडतात. एकजण धरतो, दुसरा त्याच्या डब्याखाली हात ठेवून चालतो. पोरं बाजूला होतात. परवा बैल मोकळा सुटून आडवा आला, तर त्यालाही थांबवून धरलं होतं.

आता भांडण राहिलंय ते एकच, आणि त्यासाठीच तुम्हाला चहाला बसवलं. क्षय तिथी आली, वृद्धी तिथी आली की नागनाथ म्हणतो पौर्णिमा अजून संपली नाही, सोपान म्हणतो प्रतिपदा कालच लागली. दोघंही गळ्याची शपथ घेतात. म्हणून आम्ही ठरवलंय की मधल्या खोलीत जो राहील त्यानं पाळी बघायची. त्याला दोन्हीकडचं ऐकू येतं. तुमच्या आधीचा भाडेकरू चांगला शिकलेला होता, पण इंदूच्या पुरणपोळीला भुलला. चंद्र नखाएवढा बारीक झाला तरी ह्याचा शुद्ध पक्ष चालूच! मग रत्नमालानं थालीपीठ आणि लोणी पाठवलं, तेव्हा लागोपाठ दोन वद्य पक्ष आले. त्या महिन्यात सगळ्या पेठेचे सण चुकले.

ही घ्या किल्ली. खोली हवेशीर आहे, पाण्याची ददात नाही. ताटं दोन्ही घरून येतील. लाजू नका, पोटभर जेवा. हिशेब मात्र चंद्राकडं बघून ठेवा, आणि खरा ठेवा.