निवडुंगांचा बुडून मृत्यू

पाणी सोडणारे साहेब, जयमालाच्या निवडुंगांचा जीव तुम्ही घेतलात. गावाचं नाव लिहीत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी कोणतं गाव तहानलेलं ठेवता, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर खालच्या माणसाला विचारा, तोच तुमचं सगळं बघतो.

भगवानरावांच्या घरात ऊन येणारी खिडकी एकच. त्या खिडकीत सुनेचे, म्हणजे जयमालाचे, निवडुंग. सासूबाईंना, रुखमाबाईंना, तिथं लोणच्याच्या बरण्या हव्या होत्या. हिवाळाभर घरात दुसरा विषय नव्हता.

"थंडीत पाणी द्यायचं नसते आई. झोपतात ते."

"मंग आपला नळ बारा महिने थंडीतच हाय," रुखमाबाई म्हणाल्या. "झोपले का मेले, कसं समजाव?"

"ऊन तापलं की जागे होतात. फूल येते."

"होळीपर्यंत एकाले तरी फूल दाखव. खिडकी तुयी. नाई तं माया बरण्या."

ठरलं. भगवानराव साक्षीदार, कारण ते बाजेवर बसलेलेच होते.

थंडी सरली आणि नेमकं तेव्हाच जयमालाला भावाच्या लग्नासाठी डोणगावला जावं लागलं. निघताना तिनं नवऱ्याला, हर्षलला, खिडकीपाशी उभं केलं. "सगळ्याईले मिळून कपभर पाणी द्या. मुळं आत्ताच झोपेतून उठून राह्यले त्याईचे. मंग माती ठणठणीत कोरडी होईपर्यंत एक थेंब नाई. समजलं?"

"समजलं न. कपभर."

आणि हर्षलनं खरंच चहाच्या कपानं पाणी दिलं. नवरा सांगितल्याप्रमाणे वागला, अशी ही दुर्मिळ घटना. पुढचं सगळं साहेब, तुमचं.

दुसऱ्या दिवशी नळ आला, पंधरवड्यानं. आता तुमच्या बंगल्यात चोवीस तास पाणी, म्हणून तुम्हाला सांगावं लागतं. आमच्याकडे पाणी वयानं शिळं होत नाही, नवं आलं की होतं. काल ज्या पाण्यावर झाकण ठेवून पहारा दिला, ते नवी धार दिसताच टाकाऊ होतं. रुखमाबाईंनी भरलेला गुंड, म्हणजे तांब्याची मोठी घागर, उचलला आणि खिडकीतल्या कुंड्यांत ओतला.

"आई, कपभरच सांगतलं तिनं!" हर्षल ओरडला. तो नळाला मोटार लावत होता, हात सोडला असता तर धार गेली असती.

"तो कप तुया. हा माया गुंड. शिळं पाणी नालीत काऊन फेकू? झाडाले गेलं तं पुण्य लागते."

पुण्य म्हटल्यावर भगवानरावही बाजेवरून उठले आणि त्यांनी बादली रिकामी केली. शेजारची नसीमा खिडकीच्या गजांशी आली. "काकू, आमच्या अंगणात तं फरशी हाय. मी बी टाकू का इथं?"

"टाक वं माय. विचारते काय?"

तिसऱ्या दिवशी परत नळ! गावात म्हातारी माणसं आहेत, त्यांनीही असं कधी पाहिलं नव्हतं. कालचं ताजं पाणी आज शिळं झालं. पुन्हा गुंड, पुन्हा बादली, पुन्हा नसीमा. चौथ्या दिवशीही तेच. मग नसीमाचा नवरा जावेद चौकातून बातमी घेऊन आला. "बडे साहेब येऊन राह्यले. पाणी बराबर येते का नाई, ते पाहाले."

तुमच्याही वरचे ते बडे साहेब आले. त्यांनी एक तोटी उघडली, हात धुतले, मान डोलावली आणि गेले. त्यांच्या गाडीमागोमाग पाणीही गेलं.

जयमाला परतली. सगळ्यात मोठ्या निवडुंगाला तिनं बोट लावलं, तर बोट आतच गेलं. वांग्याच्या भरतात जावं तसं. बाकीचेही एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून बसलेले.

"म्या तं पुण्य केलं वं," रुखमाबाई म्हणाल्या. वाईट त्यांना खरंच वाटलं होतं, पण खिडकीही दिसत होती. "जाऊ दे. आता ही बरणी नीट मांडते."

एक बरणी खिडकीच्या कोपऱ्यात आधीच होती. सुनेची एसटी हलली त्याच दिवशी सासूबाईंनी ती ठेवली होती, बसच्या सीटवर रुमाल टाकावा तशी, जागा धरायला. त्यांनी ती उचलली. मागे सगळ्यात लहान निवडुंग होता. हर्षलच्या कपातला वाटा त्याला मिळालेला, पुढचं सगळं पुण्य बरणीनं अडवलेलं. आणि त्याच्या डोक्यावर गुलाबी फूल.

"एकाले तरी, असंच म्हणत होती न तू?" बाजेवरून साक्ष आली.

रुखमाबाई बरणी कडेवर घेऊन उभ्या राहिल्या.

पण जयमाला हसली नाही. तिनं मोठ्या निवडुंगाची कुंडी उचलली आणि थेट तुमच्या कार्यालयात आली. टेबलामागच्या माणसानं मान वर न करताच म्हटलं, "टंचाई हाय बाई. पाणीच नाई, तं सोडाव कुठून?"

तिनं कुंडी टेबलावर ठेवली. कुंडीच्या बुडातून पाण्याचा ओघळ निघाला आणि त्याच्या कोपराखाली गेला.

"हे वाळवंटातलं झाड हाय साहेब. तुमच्या टंचाईत पाण्यात बुडून मेलं. तवा ते पाणी आलं कुठून, अन् आता गेलं कुठं? सांगा. मी बसते इथंच."